मोजलेले दिवस आणि सोपवलेले शरीर

रविवारी सकाळी चाकण एमआयडीसीतून रात्रपाळीच्या बसगाड्या भोसरी, पिंपरी, चिंचवडकडे परतत असतात, त्याच वेळी या भागातल्या चर्चमध्ये सकाळच्या उपासनेची तयारी सुरू असते. काही कामगार बसमधून उतरून घरी जातात, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि डोळ्यांवर झोप असतानाच बाकावर येऊन बसतात. कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला असतो, कोणी जालन्याहून, कोणी केरळ किंवा तमिळनाडूतून. हातात पवित्र शास्त्र असते आणि शर्टाच्या खिशात पुष्कळदा तंबाखूची पुडी.

अशाच एखाद्या पंचेचाळिशीतल्या कामगाराचा रक्तदाब सरकारी दवाखान्यात १६० वर १०० भरतो. पोटाचा घेर वाढलेला, उपाशीपोटीची साखर वाढलेली. गोळी रोज घ्या, तंबाखू सोडा, चालायला लागा, असे सांगितले की ठरलेले उत्तर येते : 'डॉक्टरसाहेब, आयुष्याची दोरी देवाच्या हातात. त्याने जितके दिवस लिहिलेत, तितके मिळणारच.' बोलणारा उर्मट नसतो. उलट तो मनापासून श्रद्धाळू असतो, आणि म्हणूनच या उत्तरापुढे डॉक्टरची बोलती बंद होते.

हे उत्तर काही फक्त ख्रिस्ती रुग्ण देतात असे नाही. नशिबात असेल ते होईल, वरच्याची मर्जी, हे शब्द प्रत्येक धर्माच्या रुग्णाकडून ऐकू येतात. तरी इथे ख्रिस्ती समाजाचा विचार मुद्दाम करण्यासारखा आहे. त्या श्रद्धेने शरीराविषयी दिलेली शिकवण स्पष्ट आहे, आणि ती शिकवण पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे आयुष्यमान शास्त्रज्ञांनी अनेक दशके मोजलेही आहे. श्रद्धा आणि आकडे यांची अशी गाठ क्वचितच पडते.

उडी न मारण्याची शिकवण

दिवस ठरलेले आहेत या समजुतीला शास्त्राचा आधारच नाही, असे म्हणता येणार नाही. इयोबाच्या पुस्तकात तसा उल्लेख आहे, १३९ व्या स्तोत्रातही आहे. ९० वे स्तोत्र तर माणसाच्या आयुष्याचा हिशेबच मांडते : सत्तर वर्षे, शक्ती असेल तर ऐंशी. पण त्याच स्तोत्रात पुढे जी विनवणी येते ती बेफिकिरीची नाही. आपले दिवस मोजायला शिकव म्हणजे शहाणपण येईल, असा तिचा आशय आहे. दिवस थोडे आहेत म्हणून ते जपून वापरायचे, हा त्या मोजणीचा अर्थ.

याहून थेट उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सापडते. मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असा मोह येशूला घातला जातो. मोह घालणारा त्यासाठी शास्त्रवचनाचाच दाखला देतो. येशू उडी टाकत नाही. देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे, हे त्या नकारातून दिसते. रात्रपाळी संपवून, डोळे मिटत असताना, हेल्मेट न घालता तळेगाव–चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून दुचाकी काढणे ही तशीच उडी आहे. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. बीपीची गोळी मनाने बंद करणे हीसुद्धा उडीच. फक्त तिथे खाली पोहोचायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, प्रेषित पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो आणि हे शरीर तुमचे स्वतःचे नाही, असे बजावतो. पौलाने हे लैंगिक अनीतीच्या संदर्भात लिहिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याच्यासमोर मधुमेह नव्हता की गुटखा नव्हता. पण त्यामागचे तत्त्व व्यापक आहे. माणूस शरीराचा मालक नाही, कारभारी आहे. मालकाला आपली वस्तू मोडून टाकण्याचा हक्क असेलही, कारभाऱ्याला तो नसतो. त्याला हिशेब द्यावा लागतो.

चाकणच्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मशीन कंपनीचे असते, पण पाळी सुरू होताना तेलपाणी, साफसफाई आणि तपासणी ऑपरेटरच करतो. बेअरिंगचा आवाज बदलला तर तो लगेच मेंटेनन्सला बोलावतो. तोच माणूस जिना चढताना छातीत दाब येऊ लागला की 'गॅस झालाय' म्हणत इनो पिऊन महिना काढतो. दुसऱ्याच्या मशीनची इतकी काळजी घेणाऱ्याला सोपवलेल्या शरीराची काळजी घेता येत नाही, असे कसे म्हणायचे?

दोरी किती देवाच्या हातात, किती आपल्या

आयुष्याची लांबी माणसाच्या हातात किती असते, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने बऱ्यापैकी नेमके उत्तर दिले आहे. ब्रिटनमध्ये १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा अभ्यास सुरू केला. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पन्नास वर्षे घेतला गेला आणि २००४ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी तीन वर्षे परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी दहा. आता उशीर झाला, असे म्हणायला या आकड्यांत कुठेही जागा नाही.

हृदयविकाराविषयी ५२ देशांत झालेला इंटरहार्ट अभ्यासही २००४ चाच. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा पुरुषांमधला सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांमधला ९४ टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो, असे त्यात दिसले : तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, मद्य आणि व्यायामाचा अभाव. या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांतल्यांना जवळपास ५९ व्या. म्हणजे मुलीचे लग्न, मुलाची फी आणि घराचे हप्ते जेव्हा एकाच वेळी अंगावर असतात, नेमके तेव्हा.

आपल्याकडची जमीन त्यासाठी तयार आहेच. आयसीएमआर–इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. शहरात हे प्रमाण १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांना आहे. चाकणचा भाग या दोन आकड्यांच्या मधोमध उभा आहे. कालपर्यंत शेतात राबणारे शरीर आज असेंब्ली लाइनवर एका जागी उभे असते, जेवण मात्र शेतातल्याएवढेच, वर पाळीत चार-पाच कप गोड चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत सुमारे ५० ग्रॅम होते. दिवसाची वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हा सगळा वाटा चहातच संपतो.

तंबाखूचे तर विचारायला नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात धरलेली तंबाखू-चुन्याची चिमूट कोणत्याही बंदीत सापडत नाही. घरी मिश्री लावणारी आई आणि कंपनीत तंबाखू मळणारा मुलगा यांना आपण 'व्यसनी' आहोत असे वाटतही नाही. व्यसन म्हणजे दारू, अशी समजूत असते.

दारूच्या बाबतीत पंथापंथांत मतभेद आहेत. काही मंडळ्यांत थेंबही चालत नाही, काहींत नाताळला आणि लग्नात वाइनचा ग्लास चालतो. पौलाने तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, हे वाक्य मग हमखास ऐकवले जाते. ते पत्र नीट वाचले तर लक्षात येते की हा सल्ला फक्त पाणी पिणाऱ्या आणि पोटाने वारंवार आजारी पडणाऱ्या एका माणसाला, थोड्या प्रमाणात, औषध म्हणून दिलेला आहे. शनिवारच्या पार्टीचा तो परवाना नाही. आरोग्यासाठी सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

एका पंथाची मोजलेली वर्षे

ख्रिस्ती धर्मातल्या सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाने शरीराची काळजी ही उपासनेचाच भाग मानली. १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झालेल्या या पंथात तंबाखू आणि मद्य वर्ज्य, मांसाहार टाळण्यावर भर, आणि शनिवार हा विश्रांतीचा दिवस. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने १९७० च्या दशकात तिथल्या सुमारे ३४ हजार ॲडव्हेंटिस्टांचा अभ्यास सुरू केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॅलिफोर्नियातल्या इतर गोऱ्या नागरिकांपेक्षा ॲडव्हेंटिस्ट पुरुष ७.३ वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे जास्त जगत होत्या. आहार, व्यायाम, वजन आणि धूम्रपान यांसारख्या सवयी एकत्र धरल्या तर आयुष्यातला फरक दहा वर्षांपर्यंत जात होता. नियमित व्यायाम, आटोक्यातले वजन, शाकाहार आणि आठवड्यातून पाच वेळा तरी सुकामेवा, यातली प्रत्येक सवय साधारण दीड ते अडीच वर्षांची भर घालत होती.

असे अभ्यास वाचताना सावधपणा हवा. निरीक्षणातून दिसलेला संबंध म्हणजे कारणाचा पक्का पुरावा नव्हे. कॅलिफोर्नियातले शिक्षण, उत्पन्न, हवा, यातले काहीच चाकणसारखे नाही. रविवारच्या मटणाच्या रश्श्यावर वाढलेल्या मराठी ख्रिस्ती घराला शाकाहारी होण्याची सक्ती करण्याचीही गरज नाही. महिन्यातल्या चार रविवारांच्या रश्श्यापेक्षा रोजचा वडापाव, फरसाण आणि शीतपेये जास्त नुकसान करतात. आणि सुकामेवा महाग वाटत असेल तर भाजलेले, मीठ न लावलेले मूठभर शेंगदाणे पोषणाच्या दृष्टीने त्याच पंक्तीत बसतात.

ही परंपरा पिंपरी-चिंचवडपासून दूर नाही. सांगवीहून मुळा नदीचा पूल ओलांडला की औंध लागते. १९१५ मध्ये कोइंबतूरला सुरू झालेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आलेली ॲडव्हेंटिस्टांची स्पायसर ही शिक्षणसंस्था तिथे आहे. आता ती विद्यापीठ आहे. स्पायसरच्या बेकरीतला ब्रेड आवर्जून आणणाऱ्या पुणेकरांपैकी अनेकांना त्या ब्रेडमागे आहाराविषयीची एक धार्मिक शिस्त आहे, हे माहीतही नसेल.

या अभ्यासातून घेण्यासारखा धडा मात्र आहाराच्या यादीपेक्षा मोठा आहे. कॅलिफोर्नियातल्या त्या लोकांचा निर्धार जगावेगळा होता, असे मानण्याचे कारण नाही. ज्या मंडळीत कोणीच तंबाखू खात नाही, तिथे ती न खाणे सोपे असते. ज्या घरात सगळेच डाळ-भाजी जेवतात, तिथे डाळ-भाजी खाण्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही. आठवड्यातला एक दिवस सगळेच काम थांबवतात, तेव्हा थांबणाऱ्याला आळशी कोणी म्हणत नाही. ती वर्षे एकेका माणसाने एकट्याने मिळवलेली नाहीत, मंडळीने मिळून मिळवली आहेत. आपल्या दवाखान्यांत दिला जाणारा सल्ला नेमका इथेच तोकडा पडतो. तो एका माणसाला दिलेला असतो, आणि तो माणूस त्याच घरात, त्याच कॅन्टीनमध्ये आणि त्याच पाळीत परत जातो.

रविवार कोणी दिला

विश्रांतीचा दिवस हा शास्त्राचा आदेश आहे, आणि तो चाकरांना, परक्यांना, एवढेच नव्हे तर बैलांनाही लागू आहे. महाराष्ट्रातल्या कामगाराला रविवार मिळाला तो मात्र झगडून. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी आणि ४८ तासांच्या आठवड्याची मर्यादा घातली.

आज औद्योगिक पट्ट्यात ही सुटी पुष्कळ जण स्वतःच विकतात. कंत्राटी कामगाराचा मूळ पगार घरभाड्यात आणि गावाकडे पाठवण्यात संपतो, म्हणून ओव्हरटाइम मिळाला की तो नशीबवान समजला जातो. त्याचा हिशेब शरीराकडे लिहिला जातो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. रात्रपाळीला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कर्करोगकारक असलेल्या गोष्टींच्या गटात ठेवले आहे. रात्री जागल्याने साखर आणि रक्तदाब यांचे घड्याळ बिघडते, भूक वाढते आणि दिवसा मिळालेली झोप तुटक असते.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट इथे आठवावी. जिवाच्या भीतीने पळालेला, थकून गेलेला एलीया रानात झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. तिथे त्याला प्रवचन दिले जात नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, आणि मग पुढे चालू लागतो. निराशेतल्या माणसाला आधी झोप आणि अन्न लागते, हे त्या जुन्या कथेला माहीत होते. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला अंधाऱ्या खोलीत सहा-सात तास अखंड झोपू देणे, त्या वेळात त्याचा फोन बाजूला ठेवणे, ही घरच्यांनी केलेली खरी सेवा आहे. उपासनेला सकाळी येणे अशक्य असेल तर अशांसाठी संध्याकाळची वेळ ठेवणे मंडळीला अवघड नाही.

प्रार्थना आणि गोळी

सरकारी रुग्णालयांत अधूनमधून एक वेगळा प्रसंग घडतो. साखर चारशेच्या पुढे गेलेली असते, रुग्ण अर्धवट शुद्धीत असतो, आणि नातेवाईक दबक्या आवाजात सांगतात की प्रार्थनासभेनंतर बरे वाटू लागले म्हणून इन्सुलिन बंद केले होते. इतर धर्मांत हीच गोष्ट अंगाऱ्याने, गंड्याने किंवा बाबाच्या शब्दाने होते.

प्रार्थनेने धीर येतो, एकटेपणा कमी होतो, आजार सोसण्याचे बळ मिळते. त्याबद्दल डॉक्टरांची तक्रार असण्याचे कारण नाही. पण ती औषधाची जागा घेते, असे शास्त्रही म्हणत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा त्याने रडून प्रार्थना केली आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली, ही कथा सर्वांना पाठ असते. त्याच्याच पुढे यशयाने अंजिरांचा लेप मागवून गळवावर बांधायला लावला, हे मात्र विसरले जाते. प्रार्थना ऐकली गेली होती, तरीही लेप लावला गेला. नव्या करारातला एक लेखक लूक हा स्वतः वैद्य होता. आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस हे मिशनरीच होते. प्रार्थना पुरेशी असती तर त्यांनी शस्त्रक्रियागृह बांधले नसते.

म्हणून पाळक आणि फादर यांच्या तोंडचे एक वाक्य पुष्कळ जीव वाचवू शकते : प्रार्थना करू, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. हे वाक्य व्यासपीठावरून आले तर त्याचे वजन ओपीडीतल्या सल्ल्याच्या दसपट असते.

जबाबदारी म्हणजे ठपका नव्हे

या सगळ्या विचारात एक धोका आहे. शरीर जपणे हे कर्तव्य मानले की आजारी माणसाला पापी ठरवणे फार लांब राहत नाही. लठ्ठ बाईकडे पाहून कुजबुज होते. क्षयरोग झालेला तरुण मंडळीत यायचा थांबतो. तंबाखूला कधीही हात न लावलेल्या माणसाला तोंडाचा कर्करोग होतो तेव्हा त्याने लपून खाल्ली असेल, असे बोलले जाते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य हेच विचारतात की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. येशू दोन्ही उत्तरे नाकारतो. लहान मुलाला होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, अनुवंशाने आलेला हृदयविकार, असे कितीतरी आजार कोणाच्याही चुकीने होत नाहीत. शिवाय बारा तास उभे राहणाऱ्या, एका खोलीत पाच जण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला रोज तासभर व्यायाम का करत नाहीस, असे विचारणे ही क्रूर थट्टा आहे.

कारभाऱ्याकडून हिशेब मागताना त्याच्या हाती किती दिले होते, हे आधी पाहावे लागते. कामगाराने गोळी घ्यावी, तंबाखू सोडावी, हेल्मेट घालावे, एवढे त्याच्या हातात आहे. बाकीचे इतरांच्या हातात आहे आणि त्यांनाही हिशेब चुकत नाही.

कारखान्यांपासून सुरुवात करता येईल. अडीचशेपेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन असावे, ही तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती. त्या कॅन्टीनमध्ये तेल आणि मीठ कमी करणे, बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवणे, भात-बटाट्याच्या जोडीला उसळ आणि कोशिंबीर देणे याला फार खर्च येत नाही. वार्षिक तपासणीचा कागद अनेकदा फाइलमध्येच राहतो. तो कामगाराच्या हातात आणि त्याला कळेल अशा मराठीत जायला हवा, कंत्राटी कामगारालाही.

सरकारी यंत्रणेनेही दार उघडे ठेवले पाहिजे. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी ही राष्ट्रीय कार्यक्रमातली सोय आहे. पण ती सकाळी नऊ ते चार असेल तर पाळीतल्या माणसाला ती नसल्यासारखीच. आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा एक रविवार ही केंद्रे उघडी राहिली तर रांग आपोआप लागेल.

आणि मंडळी. दर आठवड्याला शेकडो माणसे ठरलेल्या वेळी एकत्र आणण्याची ताकद कोणत्याही आरोग्य खात्यापाशी नाही, चर्चपाशी ती आहे. इथल्या बहुतेक मंडळ्यांत दोन-चार तरी परिचारिका असतात. शहरातल्या रुग्णालयांत आयुष्यभर दुसऱ्यांचे बीपी तपासणाऱ्या या सिस्टर रविवारी आपल्याच लोकांच्या बाजूला बसलेल्या असतात. उपासनेनंतर एक टेबल, एक बीपीचे यंत्र, एक वही. ज्याचे माप १४० वर ९० पेक्षा जास्त आले त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणे आणि दुसऱ्यांदाही जास्त आले तर दवाखान्यात पाठवणे, एवढ्यानेही काही पक्षाघात टळतील. पुरुषांसाठी पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांसाठी ८० च्या आत, हे दोन आकडे सूचनाफलकावर लावता येतील.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस तर तंबाखू सोडण्यासाठीच आखल्यासारखे आहेत. निकोटिन बंद केल्यावरचा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. चाळीस दिवस काढणारा माणूस सर्वांत अवघड टप्पा पार करून गेलेला असतो. पाच-सहा जणांनी मिळून सुरुवात करावी, एकमेकांना रोज फोन करावा, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशकाची मदत घ्यावी. मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र कडक उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते.

मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. त्याला स्वतःला चालता येत नव्हते. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणले, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडून आत सोडले. त्याचा विश्वास किती होता, याविषयी तिथे काही सांगितलेले नाही. जे आहे ते त्या चौघांच्या विश्वासाविषयी. चाकणहून रात्रपाळी करून आलेल्या, खिशात पुडी घेऊन बाकावर डुलक्या घेणाऱ्या माणसाला अशा चौघांची गरज आहे : जेवणात मीठ कमी घालणारी घरातली एक व्यक्ती, बीपी तपासणारी मंडळीतली एक सिस्टर, तंबाखू सोडायला सोबत करणारा एक मित्र, आणि सुटीच्या दिवशी खरोखर सुटी देणारा एक सुपरवायझर. त्याचे दिवस किती लिहिले आहेत हे यांपैकी कोणालाच माहीत नाही. पण पंचावन्नाव्या वर्षी अर्धे अंग लुळे पडून खाटेवर पडायचे की सत्तरीत नातवाचा हात धरून चर्चला जायचे, हे पुष्कळसे या पाच जणांच्या हातात आहे. त्यासाठी येत्या रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटे पुरेशी आहेत.